तारमहाराज आणि घुशींची बिळं

नदीच्या बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन तांब्याच्या तारा हातांत धरून तारमहाराज चालत होते आणि आमची अख्खी वस्ती श्वास रोखून मागे. तारा एकमेकींवर आडव्या झाल्या.

"इथं! इथं पृथ्वीची नाडी तुटली आहे. खणा!"

मजुरानं दोन फूट खणलं आणि कुदळ भसकन आत गेली. पोकळी! लागोपाठ सातव्यांदा. लोकांनी हात जोडले. खरं सांगतो, क्षणभर माझेही जुळत आले होते. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढली, पण गर्दीत उभा राहिलो की माझं सगळं वाचन कुठे जातं कोण जाणे.

नदी चढत होती. पोकळ्या बुजवायला सिमेंटच्या गाऱ्याची एकच गाडी आली होती आणि ती या सात खड्ड्यांतच रिती करा, असा लोकांचा धोशा चालला होता. माझी भाची मात्र बांधाच्या पायथ्याशी, ताईच्या म्हणजे तिच्या आईच्याच परसाकडे बोट दाखवत होती. बांध तपासणं हे तिचं काम. सकाळपासून ती चाकांवरचं रडार ढकलत होती. ते जमिनीत लहरी सोडतं. आत पोकळी असली की लहरी उसळून परत येतात आणि पडद्यावर कमान उमटते.

"बांधाखालून जाणाऱ्या जुन्या पाइपाच्या कडेची माती धुपलीय, पार परसापर्यंत. ही वरची भोकं मातीनंही बुजतील. गाडी इकडे वळवा!"

"तुझं यंत्र चुकत नाही कशावरून?" वस्तीतल्या किराणा दुकानदारानं विचारलं.

"चुकतं की. चिकणमातीत त्याला खोलवरचं दिसत नाही. म्हणून तर म्हणते, खणून बघा."

"घ्या! स्वतःच कबूल करतेय. महाराज कधी म्हणाले, मी चुकतो?"

ताईही हटेना. "महाराज माझ्या परसात फिरले, तारा हलल्यासुद्धा नाहीत. माझी फरशी उखडायची नाही."

भाचीचे डोळे भरून आले. मला राहवेना. पुढे झालो.

"मी टोपी फेकतो. पडेल तिथं खणा."

पाठ फिरवून टोपी मागे उतारावर भिरकावली. "म्हातारा चळला," कुणीतरी म्हणालं. मजुरानं खणलं. दोन फुटांवर कुदळ भसकन आत!

दुकानदार चक्क माझ्या पाया पडला. "काका, तुमच्यातही शक्ती आहे!"

मी कपाळावर हात मारला. "अरे, शक्ती कसली? घुशी आहेत, घुशी! सगळा उतार पोखरलाय. कुठंही खणा, बीळ लागणारच!"

"खरंय," मजूर म्हणाला. "कुंपणाचे खांब रोवताना दर खड्ड्यात हेच."

"मग तारा कशा हलतात?" ताईनं विचारलं.

मी तारा मागून घेतल्या, सैल धरल्या आणि मनगटं कळेल न कळेल इतकी आत झुकवली. आडव्या!

"अश्रद्ध हातांत नाडी बिघडते," महाराज गरजले आणि तारा हिसकावून चालते झाले.

ताई माझ्या टोपीकडे बघत राहिली. मग मजुराला म्हणाली, "चल, उखड फरशी."

पाइपाच्या कडेला मजुराचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि चिखलानं माखून, ओला बाहेर आला. तेव्हा कुठं गाडी वळली. गारा आत जात होता आणि ताई भाचीचा हात घट्ट धरून उभी होती.

बांध टिकला. पण पुढच्याच आठवड्यात दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता, "महाराजांनी ती जागा मुद्दाम सोडली. काकांची परीक्षा घ्यायची होती त्यांना!" मी साखर न घेताच परतलो.

तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो. कुणी सात ठिकाणी चमत्कार दाखवला, तर आठव्यांदा त्यानं न निवडलेली जागा खणा. आणि 'मी चुकेन, तपासून घ्या' म्हणणाऱ्याला हसू नका. पाण्याला कुणाच्या शक्तीशी देणंघेणं नाही. वाट मिळाली की ते घरात शिरतं.