समोरच्या छताचा रंग

सरलाच्या पोटात दुखायला लागलं ते सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये, आणि त्याला कारण एक छत. समोरच्या घराचं, म्हणजे कांचनच्या घराचं. नवंकोरं, तांबूस तपकिरी. उन्हात असं झळकायचं की सरलाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही बघायची सोयच राहिली नाही. भांडी घासताना ते छत, चहा गाळताना ते छत. शेवटी तिने खिडकीला पडदा लावला, आणि मग दिवसातून दहा वेळा तोच पडदा बाजूला सारून बघायला लागली.

आता हेही सांगायला हवं, की ओहायोतल्या डब्लिनमधली ही दोन्ही घरं एकाच बिल्डरने एकाच वर्षी बांधलेली. दोन्हींची छतं सारख्याच करड्या शिंगल्सची, म्हणजे कौलांसारख्या डांबरी पट्ट्यांची, आणि सारखीच सोळा वर्षांची. एप्रिलमध्ये लिंबाएवढ्या गारा पडल्या, त्याही काही घर निवडून पडल्या नाहीत. पण कांचनने दुसऱ्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. आणि आमच्या सरलाबाईंनी काय केलं? शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, चारचौघींत सांगितलं, "आमच्या रूफला बाई काऽही झालं नाही. आमच्या ह्यांचं मेंटेनन्सच तसं असतं ना!" तिचा नवरा पुरुषोत्तम तिथेच भजी खात होता. त्याला ठसका लागला. कारण त्याच सकाळी, मुलीच्या म्हणजे दीपाच्या खोलीत, गळणाऱ्या छताखाली त्याने स्वतःच्या हाताने बादली ठेवली होती.

दीड महिन्यात कांचनला अख्खं छत मिळालं, कंपनीच्या पैशाने. सरलाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिला सगळं आयतंच मिळतं," ती पुरुषोत्तमला म्हणाली. "आधी मायक्रोवेव्ह, मग ती व्हॅन, आता छत. आणि आपण बसलोय बादल्या रिकाम्या करत."

"अगं, पण फोन करायला तूच नको म्हणालीस ना."

"मी नको म्हटलं म्हणून तुम्ही ऐकायचं?"

चार दिवसांनी इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं आणि त्याने ते दोनदा वाचलं. एक ऑगस्टपासून नियम बदलणार होता. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या छताचं नुकसान झालं, तर इथून पुढे नव्या छताचा खर्च मिळणार नाही. जुन्या छताची जेवढी किंमत उरली असेल, तेवढीच हातात पडेल.

"सोळा वर्षांच्या छताची काय किंमत उरणार, कपाळ!" तो म्हणाला. "एप्रिलच्या गारांचा क्लेम आत्ताच करायला हवा. नाहीतर नवं छत विसरा. सप्टेंबरात दीपाचं कॉलेज सुरू होतंय, आपल्या खिशातून हे जमायचं नाही."

सरलाने तेवढ्यात पडदा सारून समोर पाहिलं. "करा फोन," ती म्हणाली. "आपलं छत हिच्याहून भारी झालं पाहिजे."

शुक्रवारी छत तपासायला माणूस येणार असं ठरलं. मंगळवारी कांचन आली. सरलाचा डबा होता तिच्याकडे, तो परत द्यायला. रिकामा कसा देणार, म्हणून नारळाच्या वड्या भरून आणल्या होत्या.

"सरला, एक सांगू? त्या माणसासाठी काही आवरू नकोस हं," ती म्हणाली. "फुटलेल्या शिंगल्स तशाच राहू देत, सीलिंगवरचा डागही राहू दे. आणि दीपाच्या खोलीतली बादली मुळीच हलवू नकोस. आमच्याकडे त्याने प्रत्येक गोष्टीचे फोटो काढले."

बादली! म्हणजे कार्टीने सांगितलं होतं तर! म्हणजे पॉटलकला सरला फुशारकी मारत होती तेव्हा ही बया मनातल्या मनात हसत असणार. सरलाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की वड्यांसाठी थँक्यू म्हणायचंही राहून गेलं.

कांचन गेल्यावर ती पुरुषोत्तमवर बरसली. "बघितलंत? तिच्याकडे तो माणूस आला तेव्हा हिने सगळं घर व्हॅक्यूम केलं होतं, चहा दिला, केक दिला. मी पाहिलं ना पडद्याआडून! आणि मला म्हणे आवरू नकोस. त्या गोऱ्या माणसासमोर मला गबाळी ठरवायचीय तिला. आणि माझं छत नको व्हायला, हेच तिच्या मनात!"

"अगं, पण तो नुकसानच बघायला येतोय ना?"

"मुलगी बघायला येतात तेव्हा तिला काय विस्कटलेल्या केसांनी बसवतात?"

संपलं. पुरुषोत्तम शिडी घेऊन वर चढला. गॅरेजमध्ये आधीच्या मालकाने ठेवलेल्या करड्या शिंगल्सचा एक गठ्ठा होता, तो सगळा त्याने फुटक्यांच्या जागी ठोकून संपवला. फुटक्या शिंगल्स कचऱ्यात टाकल्या, आणि गुरुवारी कचऱ्याचा ट्रक त्या घेऊनही गेला. सरलाने सीलिंगवरच्या डागाला रंगाचे दोन हात मारले. बादली बेसमेंटमध्ये गेली.

"मॉम, कांचनमावशी सेड नॉट टू," दीपा दारात उभी राहून म्हणाली.

"तू तर बोलूच नकोस," सरला म्हणाली.

शुक्रवारी तो माणूस आला. चांगला होता हो, हसतमुख. अर्धा तास वर फिरला आणि खाली येऊन म्हणाला, छत जुनं आहे, पण काय निगा ठेवली आहे तुम्ही! काही दुरुस्ती केलेली दिसतेय, तर काढलेल्या शिंगल्स कुठे आहेत? फोटो आहेत का? पुरुषोत्तमने नाही म्हणून मान हलवली. मग त्या माणसाने सरलाला विचारलं, घरात कुठे पाणी गळतं का?

पुरुषोत्तम तिच्याकडे बघत राहिला. दीपाही बघत राहिली. आणि सरलाची नजर गेली खिडकीकडे, त्या झळझळीत तपकिरी छताकडे.

"आमच्या घरात? नेव्हर!" ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे केकची प्लेट सरकवली. कांचनने एक केक दिला होता, हिने दोन केले होते.

दहा दिवसांनी पत्र आलं. छत सुस्थितीत, गारांचं नुकसान आढळलं नाही, क्लेम नामंजूर. पुरुषोत्तमने पत्र टेबलावर ठेवलं आणि अंगणात निघून गेला. त्याने आरडाओरडा केला असता तर सरलाला बरं वाटलं असतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी धो धो पाऊस झाला. पाणी जुनी जागा सोडून दुसरीकडून आलं, थेट दीपाच्या कॉलेजसाठी भरून ठेवलेल्या सुटकेसवर. सरला ओले कपडे पिळत होती तेव्हा कांचन छत्री घेऊन आली. तिला दीपाने फोन केला होता.

"काय म्हणाला गं तो माणूस?" तिने विचारलं.

सरला सांगायला गेली आणि तिला रडूच फुटलं. "गळत नाही म्हणून सांगितलं मी त्याला. तू सांगितलंस ना आवरू नकोस, म्हणूनच आवरलं. मला वाटलं, तुला माझं वाईट व्हावंसं वाटतंय. तुझं छत बघून जळत होते मी, कांचन. दोन महिने नुसती जळत होते."

कांचनने दुसऱ्या बाजूने ओली चादर धरली आणि दोघींनी मिळून ती पिळली. जाताना म्हणाली, "आमच्या गॅरेजमध्ये उरलेल्या शिंगल्सचे दोन गठ्ठे आहेत. पाठवते एकनाथला. नाही म्हणू नकोस."

नाही म्हणायला सरलाकडे तोंड कुठे होतं?

शनिवारी पुरुषोत्तम आणि कांचनचा नवरा एकनाथ, दोघे वर चढले. संध्याकाळपर्यंत गळती थांबली. सरला रस्त्यापर्यंत गेली आणि वळून तिने वर पाहिलं. करड्या छतावर तांबूस तपकिरी ठिगळं पडली होती, अकरा. पुढच्या बाजूलाच.

"लांबून कळत नाही," पुरुषोत्तम शिडी उतरता उतरता म्हणाला.

सरलाने मागे वळून समोरच्या घराकडे पाहिलं. कांचन तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासत उभी होती. तिच्या खिडकीला पडदा नव्हता. तिने सरलाला पाहून साबणाचा हात हलवला, आणि सरलानेही हात हलवला.