आठ रेघांची पुंगळी

मी एक जुनी पुंगळी आहे. रायफलीच्या काडतुसाची, पितळेची, बोटाएवढी. सध्या पारू नदीपलीकडच्या एका मेंढ्यांच्या रानात, शेडमधल्या भंगाराच्या डब्यात पडून आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हिला कसली आलीय भीती? पण खरं सांगते, माझा सगळा जन्म भीतीतच गेला.

माझं काम ऐकायला अगदी सोपं. पोटात दारू ठेवायची आणि मानेत गोळी धरायची. पण धरायची कशी, यातच सगळी मेख आहे. फार घट्ट नाही, फार सैल नाही, आणि डब्यातल्या सगळ्या जणींनी अगदी सारखी. एकीची पकड वेगळी पडली की तिची गोळी वेगळ्या वेगाने सुटते आणि लांबवर जाईपर्यंत चार-सहा बोटं वर नाहीतर खाली लागते.

दर बाराला, म्हणजे गोळी उडाली की, माझी मान फुगते. मग मालकीण मला हातप्रेसमध्ये घालून ती पुन्हा आवळते. असं फुगून-आवळून पितळ कडक होतं, हट्टाला पेटतं, आणि आवळलं तरी हवं तिथे थांबत नाही. म्हणून काही बारांनंतर मान ज्योतीवर धरून मऊ करायची असते. आता कोण किती वेळा उडाली हे डोळ्यांना कसं कळणार? म्हणून आमची मालकीण युना ट्रेलोर आमच्या बुडावर काळ्या शाईने रेघ ओढायची, एका बाराला एक. माझ्यावर आठ रेघा होत्या. आठवाल्या एका डब्यात ज्योतीची वाट बघत बसायच्या, तीनवाल्या दुसऱ्या डब्यात. हे दोन डबे कुणी एकत्र करायचे नाहीत, असा त्या घरचा दंडकच होता.

त्या वर्षी रानात एक लंगडा रानकुत्रा शिरला होता. एकदा सापळ्यातून सुटलेला, त्यामुळे महा बेरकी. भूक नसतानाही कोकरं फाडून टाकायचा. पहाटे तळ्यावर पाणी प्यायला यायचा, तोही कुठे जवळ नाही, चारशे पावलांवर. पहिली गोळी चुकली की पठ्ठ्या आठ-आठ दिवस दिसायचा नाही. आणि कोकरांचा हंगाम तर सुरू झालेला.

"या खेपेला कोकरं नाही वाचली तर मेंढ्या काढून टाकायच्या आणि मुलीकडे शहरात जायचं," युना नवऱ्याला म्हणाली होती. चार पिढ्यांचं रान तिचं. हे बोलताना तिचा आवाज इतका साधा होता की मला धडकीच भरली.

नवरा म्हणजे लायल. मनाने लोण्यासारखा, पण कामात घाईचा. युना चार दिवस मुलीकडे गेली तेव्हा त्याच्या मनात आलं, परत आल्यावर बायकोला खूश करावं. त्याने दोन्ही डबे अक्रोडाच्या सालींचा भुगा घातलेल्या फिरत्या पिंपात रिकामे केले आणि रात्रभर आम्हाला घोळवलं. सकाळी आम्ही सोन्यासारख्या चकाकत होतो. लायल शीळ घालत आला, मला उचललं, उलटं केलं, आणि त्याची शीळ बंद पडली.

माझ्या बुडावर एकही रेघ उरली नव्हती.

त्याने दुसरी बघितली, तिसरी बघितली. शेवटी शाईचं पेन घेऊन त्याने आमचे अंदाजाने दोन ढीग केले आणि रेघा ओढल्या. माझ्या वाट्याला तीन आल्या. मला ओरडून सांगायचं होतं, अरे मी आठाची आहे, मान दगड झालीय माझी! पण पितळेला कुठून वाचा फुटणार?

युना परत आली. "काय रे, आज आमच्यावर एवढी मेहरबानी?"

"घासून दिल्या. रेघाही नव्याने ओढल्या, पुसट झाल्या होत्या."

"बघून ओढल्यास ना?"

"मग काय झोपेत ओढल्या? तूही ना..."

ती हसली. त्या हसण्याने माझा जीव आणखीच कासावीस झाला.

संध्याकाळी ती आमच्यात गोळ्या बसवायला बसली. एकेक गोळी हातप्रेसच्या दांड्याखाली अलगद सरकत होती. माझी पाळी आली आणि दांडा अडखळला. युना थांबली.

"लायल, ही जरा अडली रे."

लायल दारात उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी बघितलं. वाटलं, आता बोलेल.

"तुझी बोटं सुजलीयत परवापासून," तो म्हणाला. "त्यांना सगळंच अडल्यासारखं वाटतं."

युनाने बोटं उघडझाप करून बघितली. ती खरंच सुजली होती. तिने दांडा दाबला.

तिसऱ्या पहाटे कुत्रा आला तेव्हा रायफलीत मी होते. युनाचा श्वास संथ होता. थरथरत होते ती मी. बार झाला, माझी मान भयंकर ताणली गेली आणि आत काहीतरी चरकन फाटलं. गोळी कुत्र्याच्या छातीखालून गेली. धुळीचा एक लोट उठला आणि कुत्रा झुडपांत नाहीसा झाला. पुढच्या आठवड्यात तो तळ्यावर दिसला नाही, पण रात्री-बेरात्री येऊन त्याने अकरा कोकरं मारली.

आठव्या दिवशी युना शेडमध्ये आली आणि हत्यारं खोक्यात भरू लागली. "गुरुवारी ट्रक येतोय. मेंढ्या जातील."

"एवढी घाई कशाला?"

"हात गेला माझा. चुकायचा नेम नव्हताच तो. आपलं आपल्याला कळलं पाहिजे."

लायल तिथल्याच स्टुलावर मटकन बसला. "युना, त्या रेघा मी अंदाजाने ओढल्या. पिंपात सगळ्या पुसल्या गेल्या. तुला सांगायला घाबरलो."

त्या पहाटे उडालेली मी खोक्यातच होते; तिने मला हातात घेतलं, भिंग लावलं, मान फिरवून फिरवून बघितली. केसाएवढी चीर होती. ती तिने त्याच्यासमोर धरली.

"अडली होती ना ही? माझ्या हाताला कळलं होतं ना?"

"हो."

"आठ दिवस मी हाताकडे बघत बसलेय. पोरीला फोन करून सांगितलं, तुझी आई संपली म्हणून."

"युना, अगं..."

"गप्प बस. ट्रकवाल्याला नाही म्हणून कळव. आणि ज्योत पेटव, एकूण एक पुंगळी मऊ करायचीय."

मला तिने भंगारात टाकलं. तिथून मी त्या निळ्या ज्योतीकडे बघत होते. ज्योतीवर एक क्षण जास्त राहिली तरी मान कायमची जाते, आणि माझ्या बहिणी एकेक करून तिच्यावर फिरत होत्या. नंतर गोळ्या बसवताना युना डोळे मिटून दांडा दाबत होती. लायल शेजारी उभा होता. सगळ्या सारख्या बसल्या.

सहा दिवसांनी पहाटे बार ऐकू आला. एकच. दुसरा येतोय का म्हणून मी जीव मुठीत धरून ऐकत राहिले. दुसरा आला नाही. उजाडल्यावर लायल शेडमध्ये आला, "पहिल्याच गोळीत पडला" असं पुटपुटत स्टुलावर बसला आणि तोंड झाकून रडला. बाहेर युना मेंढ्यांना हाळी देत होती.

मित्रांनो, भंगार कधीतरी भट्टीत जाणारच, आणि त्याची भीती मला अजूनही वाटते. पण गोळ्या बसवल्या त्या संध्याकाळची जास्त वाटते. बुडावरच्या रेघा पुसल्या गेल्या, त्याने काही बिघडलं नव्हतं. एका शब्दात सगळं सावरलं असतं. तेवढं तुम्ही सांभाळा. आपलं माणूस म्हणालं, "इथे काहीतरी अडतंय," तर आपली चूक झाकायला त्याचाच हात खोटा ठरवू नका. युनाने त्या दिवशी तो खोटा मानला होता, कारण सांगणारा लायल होता.