चौथं कलिंगड

इकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा; ऊन असं रणरणतं की कोंबड्याही भिंतीच्या सावलीतून हलायला तयार नव्हत्या. मोठी माणसं जेवून द्राक्षवेलीच्या मांडवाखाली आडवी झाली होती, पोरं पाटात डुंबत होती. रायेन मात्र सुरी घेऊन कलिंगडांच्या शेतात बसली होती.

उद्या रविवार, आणि जेवणानंतरचं कलिंगड निवडायची पाळी तिची. गेल्या उन्हाळ्यात सान्तियागोहून आलेल्या या शहाणीनं निवडलेलं फळ आतून पांढरंफटक निघालं, आणि मामेभाऊ एलिसेओनं तिचं नाव ‘दुधी’ ठेवलं. ते सुट्टीभर चिकटलं. यंदा पुन्हा तसं झालं तर सरळ बस पकडून घरी जायचं, असं तिनं ठरवलं होतं. वय आठ, पण ठरवलं होतं.

बाजारातला फळवाला करतो तसा तिनं सालीचा तिकोनी तुकडा उपसला, आत डोकावली, तुकडा परत बसवला. पहिलं फिकट, दुसरं बरं, तिसरं लालभडक. तिच्या जिवात जीव आला. तिसऱ्याच्या देठाला खुणेची काडी बांधून तीही पाटात उडी मारायला पळाली.

गांधीलमाश्यांपासून मात्र वास लपत नाही; कापलेल्या फळांवर त्या घोंगावू लागल्या. थोड्याच वेळात तिचे आजोबा, सगळ्या पोरांचे ताता, हातगाडीवर कापलेली कलिंगडं घेऊन पाटावर आले.

"कापलेलं फळ या उन्हात आंबतं. विकायला नाही, उद्याला नाही. चला, संपवा."

कोणी कापलं, हे त्यांनी विचारलंच नाही. कलिंगडं पाटात गार व्हायला सोडली आणि पोरं त्यांच्यामागे किंचाळत पोहली. मग फोडी, वर इकडच्या रीतीनं भाजक्या गव्हाचं पीठ, कोपरापर्यंत ओघळ. रायेनला इतकं सुख झालं की उद्याची धास्तीसुद्धा घटकाभर विसरली. मग तिनं सालींचा ढीग पाहिला आणि ती तातांना चिकटून बसली.

"ताता, मी तीनच कापली. ही तर चार."

तातांनी मांडवाकडे नजर टाकली. "चौथं माझं."

"तुमचं?"

"कान गेले, पोरी. ठोकतो, पण सगळी सारखीच वाजतात. मामाला सांगू नकोस, उद्यापासून मला खुर्चीत बसवेल."

रायेनला आधी हसू आलं, मग आलं नाही.

"मग उद्याचं कसं निवडू?"

"कपाळासारखं वाजलं तर कच्चं. पोटासारखं, तर उतरलेलं. छातीसारखं वाजायला हवं."

संध्याकाळभर ती एकदा कलिंगड ठोकत होती, एकदा स्वतःची छाती. एलिसेओ म्हणाला, "दुधीला ऊन लागलं." तिचं लक्षच नव्हतं.

रविवारी मामानं तिच्यापुढे सुरी धरली. "आधी तिकोन काढून बघतेस?"

"नको. फोडा."

सुरीचं टोक जेमतेम टेकलं आणि कलिंगड आपणहून तडकलं. आत लालभडक. एलिसेओनं ताटली पुढे केली.

"रायेन, मधली फोड देतेस?"

फोडीवर पीठ भुरभुरवत ताता तिच्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "उद्या बाजाराचा माल तोडायचाय. लवकर ऊठ. माझे कान आता तुझ्याकडे आहेत."