ठोकळ्यांची भिंत

या, अशा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकून, जांभया देत ऐकायची ही गोष्ट नव्हे. रागाची आहे, आणि राग लांबून नीट ऐकू येत नाही.

एक मामा होता, फिटर. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांना पळवणारं एक अवाढव्य यंत्र होतं, त्याच्या दुरुस्तीवर तो असे. यंत्रातल्या दोन लोहचुंबकांमधून एक दांडी आत-बाहेर सरकायची, कण सरळ चाललेत का ते बघायला. दांडी अडकली की यंत्र ठप्प. ही जागा आधी घुम्याची. तो फारसा बोलत नसे म्हणून घुम्या. दांडी सारखी अडकते म्हणून साहेबांनी त्याला भर सभेत घालवून दिलं. तेव्हा मामाच म्हणाला होता, "हात जड झालाय त्याचा."

आता तीच दांडी मामाच्या राशीला आली. यंत्र बंद करायचं, किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून बाजूला रचलेली काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत क्रेननं उतरवायची, आत जाऊन बघावं तर दांडी लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकायची. ठोकळे परत रचले की पुन्हा अडकली. आजाऱ्याला बघायला दार उघडावं आणि त्यानं उठून चहा मागावा, तसलं दुखणं.

दांडी आणि चुंबक यांच्यामधल्या फटीची मोजणी करायची मामाची भाची. बहिणीची पोर, मामाच्याच घरी वाढलेली, आता इंजिनिअर. सभेत ती म्हणाली, "मी मोजलं तेव्हा फट पुरेशी होती. नंतर फिटरनं बोल्ट आवळताना काही हललं असेल."

साहेब म्हणाले, "पुन्हा अडकली तर फिटर बदलू."

मामानं तिला यंत्राच्या दारातच गाठलं. कानशिलं तापलेली.

"फिटर म्हणालीस मला."

"मग सभेत काय मामा म्हणू?"

"माझ्या ताटात जेवलीस, आणि माझंच ताट ओढलंस."

"ताट काढू नकोस मध्ये. मी मोजलंय, फट होती."

"मीही बघितलीय फट. आवळल्यावर बघितलीय, दांडी फिरवून बघितलीय. आंधळा आहे का मी?"

"मग मी खोटारडी?"

"मी तसं म्हणालो का?"

"मग खोटं कोण बोलतंय, ते चुंबक?"

दोघं एकमेकांकडे डोळे वटारून उभे. दोघांचं रक्त एकच, त्यामुळे माघार घ्यायची सवय दोघांनाही नाही. शेवटी भाचीच दात-ओठ खात म्हणाली, "तू आवळल्यावरही फट होती. मग आपण दोघं बाहेर पडल्यावर आत काय होतं?"

"काय होणार? क्रेनवाला ठोकळे रचतो," मामा खेकसला, आणि खेकसता खेकसता थांबला.

दोघांनी एकदमच त्या ठोकळ्यांकडे पाहिलं. एकेक ठोकळा हत्तीएवढा. उभे त्याच जमिनीवर, जिच्यावर चुंबक उभे.

भाचीनं चुंबकाला काट्याची डायल लावली, समोर कॅमेरा ठेवला. बाहेरच्या पडद्यापाशी मामा हाताची घडी घालून उभा राहिला. तिच्याशी अबोला होताच. क्रेननं पहिला ठोकळा टेकवला. काटा किंचित सरकला. दुसरा टेकवला, आणखी सरकला. भिंत पुरी झाली तेव्हा ओझ्यानं जमीन एका अंगाला केसभर खचली होती, तिकडचा चुंबक कलला होता आणि फट गेली होती. ठोकळे काढले की जमीन वर यायची, आणि सगळे त्या मोकळ्या जमिनीवर मोजत बसायचे. वर्षानुवर्षं.

"सुटलास, मामा," भाची हळूच म्हणाली.

मामा हसला नाही. चेहरा आधीपेक्षा काळवंडला. तडक साहेबांच्या खोलीत गेला, मागोमाग ती.

"घुम्याचा दोष नव्हता."

"छान झालं, सापडलं एकदाचं," साहेब म्हणाले. "आता ठोकळे रचून मोजत जाऊ."

"घुम्याचं म्हणतोय मी. भर सभेत काढलंत त्याला. भर सभेतच सांगा."

"अहो, तो वारला ना गेल्या वर्षी? आता कुणाला सांगायचं?"

"ज्यांच्यासमोर काढलंत त्यांना. ते जिवंत आहेत. मी जिवंत आहे."

"झालं गेलं उकरून काय मिळणार? तुमची जागा राहिली ना?"

मामानं टेबलावर हात आपटला. पेला कलंडला, पाणी साहेबांच्या मांडीवर. "मला तोंड होतं म्हणून राहिली. तो गप्प बसला आणि आपण त्याच्या गप्प बसण्यालाच कबुली समजलो. तुम्ही समजलात, मीही समजलो."

साहेबांनी रुमाल काढून पॅन्ट पुसली. सभा काही त्यांनी बोलावली नाही.

बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "मामा, घरी चल."

"तू हो पुढे," मामा म्हणाला. "आज माझं मलाच सहन होत नाहीये."

तर मंडळी, सभेत कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुमच्यासमोर सांगितलं. मागणं एवढंच: देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्यालाही आठवा. त्याच्या हातात दोष नव्हता. नुसतं घुम्या म्हणा, देवाला कळेल.