दहा तासांपैकी चाळीस मिनिटं

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन लांब शिट्टी देऊन थांबलं. ताईने आईच्या नाकातली नळी मशीनवरून काढून कोपऱ्यातल्या छोट्या सिलिंडरला जोडली, काटा पाहिला आणि भावाला फोन केला.

"बारक्या, वीज गेली. ये."

बारक्या एक्कावन्न वर्षांचा आहे. छोटी टू-स्ट्रोक इंजिनं दुरुस्त करायचं त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, लहान जनरेटर. तिथे त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. घरचा जनरेटर इमारतीच्या गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला असतो आणि त्याची वायर कठड्यावरून खाली आईच्या खिडकीत येते. अकरा चाळीसला मिस्त्रीने दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं.

सिलिंडर सलग वापरला तर तीन तास पुरतो. ताईने वीज कंपनीला फोन लावला. उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

"किती वेळ लागेल?"

"काम चालू आहे, मॅडम."

"ते मी विचारलं नाही."

"मॅडम, मलाही कोणी सांगितलेलं नाही. माझ्याही घरी वीज नाहीये."

रुग्णवाहिकेच्या केंद्राने रांगेतला नंबर दिला, एकोणीस. घरी मशीनवर असलेले आईसारखे शहरात बरेच निघाले. रुग्णालयाने सांगितलं की दारात रांग आहे. रुग्णवाहिकेशिवाय आणलंत तर पेशंटला बाहेरच थांबावं लागेल.

बारा वाजता इंजिन बंद झालं. ताईने नळी सिलिंडरला लावली आणि जिना चढून वर आली.

"काय झालं?"

"काही नाही. मीच बंद केलं. दहा मिनिटं गार होऊ दे."

"गेल्या महिन्यात हेच सलग तीन तास चाललं होतं."

"तेव्हाचं वेगळं," मिस्त्री म्हणाला आणि स्पार्क प्लग पुसत बसला.

वेगळं काय, ते त्याने सांगितलं नाही. मागच्या रविवारी त्याने हे इंजिन उघडलं होतं. बिघाड काहीच नव्हता. दोरी ओढताना कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, हाताला किंचित मऊ लागलं, एवढंच. दुसऱ्या कोणाचं असतं तर त्याने 'दोन वर्षं हात लावू नका' असं सांगून परत पाठवलं असतं. हे आईचं होतं. त्याने बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो तो पोकळ भाग, घासून मोठा करून घेतला, नवा मोठा पिस्टन घातला, नव्या रिंगा घातल्या. पिस्टनभोवती फट नेहमीइतकी ठेवू का, असं बोअर करणाऱ्याने विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "केसभर कमीच ठेवा. वर्षानुवर्षं चाललं पाहिजे."

नवा पिस्टन आणि बोअर एकमेकांशी घासून जुळायला पहिले दहा तास जातात. तोवर पेट्रोलमध्ये तेल दुप्पट घालायचं, भार निम्माच टाकायचा, वीस मिनिटं चालवायचं आणि वर हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्यायचं. मिस्त्री हे गिऱ्हाइकांना कागदावर लिहून देतो आणि ते वाचत नाहीत म्हणून त्यांच्यावर डाफरतो. त्याच्या स्वतःच्या इंजिनाची दहा तासांपैकी चाळीस मिनिटं झाली होती. उरलेले तास तो या रविवारी उरकणार होता.

दुकानात दुरुस्तीला आलेली चार इंजिनं होती. त्यांतला जनरेटर एकच, आणि त्याची कॉइल जळलेली. ओळखीच्या दोघांना त्याने फोन केले. दोघांचेही जनरेटर कामाला लागलेले होते.

वीस मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, असं दीड वाजेपर्यंत गेलं. तोवर ताईच्या लक्षात आलं होतं की दर वेळी मशीन सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं त्यातून नुसती हवाच येते, पुरेसा ऑक्सिजन नाही. म्हणजे दर अर्ध्या तासाला सिलिंडरची पंधरा मिनिटं जात होती. काटा निम्म्याकडे झुकला होता. शिवाय प्रत्येक बदलात आईचे ओठ काळसर पडत आणि बोटावरच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा खाली यायचा.

आई डोळे मिटून ऐकत होती. ते दुकान आधी नवऱ्याचं. त्याच्या हाताखाली तिने तीस वर्षं इंजिनं धुतली होती.

"धूर वास मारतोय," ती म्हणाली. थांबली. दोन श्वास घेतले. "तेल दुप्पट आहे. उघडलंय त्याने."

ताई पुन्हा वर आली तेव्हा दोन वाजले होते. इंजिन चालू होतं.

"आई म्हणते, तू हे उघडलंस."

"हो."

"चालू असलेलं?"

"हो."

"कशाला रे?"

मिस्त्रीने घड्याळ पाहून बंद करायच्या बटणावर हात ठेवला.

"मग जुना पिस्टन घाल परत."

"बोअर मोठा झालाय, ताई. जुना आता त्यात नुसता खडखडेल."

ती कठड्याला टेकली. मग म्हणाली, "वीस मिनिटं झाली तुझी. बंद नको करूस. दर वेळी बंद केलंस की मला तिचं तोंड बघावं लागतं. तुला नाही लागत."

मिस्त्रीने बटणावरचा हात काढला. इंजिन छान चालत होतं, सकाळपेक्षा मोकळं आणि वरच्या सुरात. हा सूर त्याला माहीत होता. जास्त तापलेलं इंजिन जाम होण्याआधी असंच चालतं. पण चांगलं चालणारं इंजिनही असंच चालतं, असं तो स्वतःला सांगत राहिला.

दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी ते मध्येच थांबलं. दोरी हलेना.

त्याने प्लग काढून भोकातून तेल सोडलं आणि तो खाली आला. ताई सिलिंडरपाशी पाठ करून उभी होती.

"जाम?" आईने विचारलं.

"हो."

"गरम असताना ओढू नको."

"नाही ओढत."

"तेल सोडलंस?"

"सोडलं."

"मग हात धू. आणि बस इथे."

तो हात धुऊन पलंगाच्या कडेवर बसला. आई म्हणाली, "तुझा बाप माझं शिलाई मशीन... कधी उघडायचा नाही. म्हणायचा, तुझ्या वस्तूला हात लावताना... माझा हात जड होतो."

"मला नाही सांगितलं त्यांनी कधी."

"तू ऐकलं असतंस होय?"

ताई हसली नाही. सिलिंडर जास्त वेळ टिकावा म्हणून तिने त्याचा प्रवाह दोन लिटरवरून दीडवर आणला आणि घड्याळाकडे पाहिलं.

तीन वाजून पाच मिनिटांनी दोरी हलली. पिस्टन सुटला होता, पण प्रत्येक ओढीला आत ओरखड्याची खरखर हाताला जाणवत होती. तीन दहाला इंजिन सुरू झालं. आता बारा मिनिटं चालवायचं आणि आठ मिनिटं थांबायचं, असं मिस्त्रीने फोनवर सांगितलं. ताईने बाराच का, असं विचारलं नाही. दुसऱ्या फेरीत खरखर वाढली. तिसऱ्या फेरीनंतर इंजिन गार होईना, म्हणून त्याने त्याच्यावर ओल्या पोत्याने वारा घातला.

वीज कंपनीचा फोन लागत नव्हता. आईच्या बोटावरचा आकडा ब्याऐंशी होता. ती झोपली आहे की नाही, ते ताईला नक्की सांगता येत नव्हतं. हाक मारली की ती डोळे उघडत होती, पण बोलत नव्हती.

चार वाजून बावीस मिनिटांनी रुग्णवाहिकेच्या केंद्राने नंबर सांगितला, सहा. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. गच्चीवर इंजिनाच्या चौथ्या फेरीची बारा मिनिटं झाली होती आणि मिस्त्रीने ते अजून बंद केलेलं नव्हतं.