सव्वा तासाचं नागपूर

मी सेफ्टी शूजमधला उजवा बूट बोलतोय. डावाही आहे बाजूला, पण तो अबोल. माझ्या नाकात पोलादी वाटी आहे. वरून लोखंड पडलं तरी आतल्या बोटांना धक्का लागत नाही. उगाच बढाई मारत नाही, कामच आहे ते माझं.

चाकणच्या एका कंपनीत बुद्धरत्न मला घालून पत्रा दाबायच्या प्रेसवर उभे राहायचे. मशीनवरची माणसं सगळं शिफ्टमध्येच मोजतात. नागपूर म्हणजे बसने दीड-दोन शिफ्टचा प्रवास. त्यांची लेक मिनल तिथं शिकायला होती, पण जाणं क्वचितच व्हायचं.

मग तिच्या पदवीदानाचं बोलावणं आलं. घराण्यातली पहिली पदवी! बायको तनुजा आदल्या दिवशीच बसने गेली. बुद्धरत्नांना रजा एकाच दिवसाची मिळाली, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं. हवेतून सहाशेच्या वर किलोमीटर, आणि वेळ फक्त सव्वा तास. नाइट संपवून आरामात पोचतो, असं सगळ्यांना सांगत सुटले. इथंच घोळ झाला राव. चाकणहून लोहगावच्या विमानतळावर पोचायचा वेळ त्यांनी धरलाच नव्हता.

त्यात सकाळी बदली माणूस उशिरा आला. बुद्धरत्न तसेच पळाले आणि नवे काळे बूट लॉकरमध्येच राहिले. सोबतच्या गणराजने मोटरसायकल काढली. चौकात कंटेनरमागे कंटेनर. माझ्या आत त्यांची बोटं आवळलेली मला कळत होती. विमान चुकलं तर मिनलला पदवी घेताना बाप बघणार नव्हता.

धापा टाकत विमानतळावर पोचलो, तर तपासणीच्या चौकटीतून जाताना माझं नाक वाजलं. जवानाने मला काढायला लावलं. मी ट्रेमध्ये बसून ऐटीत यंत्रातून गेलो. बुद्धरत्न मात्र फाटका मोजा लपवत उभे होते. विमानात शेवटी चढलो, पण चढलो.

सभागृहात सगळीकडे चकचकीत बूट. माझ्या नाकावर प्रेसचं तेल. बुद्धरत्नांनी मला खुर्चीखाली सरकवलं. मिनलला पदवी मिळाली तेव्हा टाळ्या वाजवायलाही उभे राहिले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? फोटोच्या वेळीही ते तनुजाच्या मागं लपले. मिनलने खाली पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं.

"पप्पा, पुढं या," ती म्हणाली. "इतकी वर्षं याच बुटांत उभे राहिलात ना? मग फोटोत तेही येऊ देत."

बुद्धरत्न पुढं आले. रडत होते, पण ताठ उभे राहिले.

आता माझा तळ गेलाय. कंपनीत जुनी जोडी जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही. बुद्धरत्नांनी बाजारातून दुसरी घेतली, पण मला जमा केलं नाही. पिंपळे गुरवच्या घरात, त्या फोटोखाली आम्ही दोघं बसलोय. तनुजाताई, माझी एकच विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत मला पॉलिश करू नका. तेलाचा तो डाग फोटोत आहे, तसा इथंही राहू द्या.