बाराव्या वर्षीच चाळिशी

"मान अजून थोडी वर कर, बाळ," सोनोग्राफीचा तंत्रज्ञ म्हणाला. "गळ्याची घडी मधे येतेय."

"घडी कपड्याला असते," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला. "माणसाच्या पोरीशी बोलताय तुम्ही, चादरीशी नाही."

तंत्रज्ञाने एकदा मागे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड फिरवलं. खुर्चीवरच्या बाईला तो ओळखून होता. सगळं हॉस्पिटलच ओळखून होतं. तळघरातल्या लॉण्ड्रीत ती अठरा वर्षं कामाला होती आणि तिचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळे तिला तोफ म्हणत. रक्ताने भरलेली चादर साध्या मळक्या कपड्यांच्या गाठोड्यात आली, की ती ते गाठोडं काखोटीला मारून थेट वॉर्डात जायची आणि ज्याने बांधलं त्याच्या पायाशी टाकायची. मग तो शिकाऊ असो की खुद्द मेट्रन.

आजचं प्रकरण शाळेतल्या नर्सच्या चिठ्ठीने सुरू झालं होतं. वर्गात सगळ्यांची वजनं झाली, रक्तदाब झाला, काहींचा पुन्हा दोनदा पाहिला, आणि चिठ्ठी आली ती हिच्याच लेकीच्या दप्तरात. दुसऱ्या दिवशी तोफेने शाळेत जाऊन नर्सला फैलावर घेतलं.

"माझी पोरगी अंगाने भरलेली आहे. आमच्याकडची हाडंच जाड. तुम्हाला नसत्या चौकशा सांगितल्यात कुणी?"

नर्सने सगळं ऐकून घेतलं. "तिचा वरचा रक्तदाब तीन वेगवेगळ्या दिवशी एकशे चाळीसच्या वर आला," ती म्हणाली. "बारा वर्षांच्या मुलीचा. माझं सांगायचं काम मी केलं."

तोफेला त्या शांतपणाचाच राग आला. उलटून बोलणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

आणि आता लेक पलंगावर डोळे मिटून पडली होती, मानेवर थंडगार जेल आणि त्यावरून फिरणारं यंत्र. आईचा आवाज चढला की ती अशीच डोळे मिटून घ्यायची. घरात, दुकानात, शाळेच्या फाटकाशी.

तपासणीनंतर शेजारच्या खोलीत भेटलेली डॉक्टरबाई वयाने तोफेच्या भाचीएवढी होती. तिने रिपोर्ट दोनदा वाचला, मग खुर्ची लेकीकडे वळवून बसली.

"माझ्याशी बोला," तोफ म्हणाली.

"दोघींशीही बोलते. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या असतात. त्यांची भिंत या वयात पातळ आणि लवचीक हवी. हिची जाड झालीय, ताठर झालीय. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची असते तशी."

"म्हणजे माझी पोरगी म्हातारी झाली म्हणा की."

"तिच्या धमन्या वयाच्या पुढे गेल्यात. वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळ्याचा परिणाम. आज तिला काही होणार नाही. पण असंच चाललं, तर हृदयाचं दुखणं जे साठीत यायचं ते तिशी-पस्तिशीत येऊ शकतं."

तोफेला एकदम तळघरातला वाफेचा रबरी पाइप आठवला. नवा असतो तेव्हा हवा तसा वाकतो. जुना झाला की कडक होतो, आणि मग एक दिवस भर कामात फुटतो. ही आठवण तिला नको होती.

"माझ्या लेकीला घाबरवू नका," ती म्हणाली. "वयात आली की आपोआप सडसडीत होईल. आमच्या घरात सगळ्याच मुली अशा होत्या."

"घरात कुणाला हृदयविकार?" डॉक्टरबाईने फॉर्म पुढे ओढला. "आईकडून, वडलांकडून?"

"कुणाला नाही."

"तिचे वडील?"

"ते नाहीत. डेपोत अपघात झाला."

डॉक्टरबाई लिहू लागली.

"अपघात नव्हता," लेक म्हणाली.

तोफ वळली. "तू गप्प बस."

"बाबांना हार्ट अटॅक आला होता. बसखाली काम करताना." ती आईकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होती. "त्या दिवशी मला बरं नव्हतं म्हणून मी शाळेत गेले नव्हते. बाबा म्हणाले, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, आज नाही जात. आणि आई म्हणाली, नाटकं करू नका, कामावर जा."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

तेव्हा पोर सहा वर्षांची होती. झोपलीय असंच तोफ समजून चालली होती. सहा वर्षं तिने शेजारपाजाऱ्यांना, शाळेला, स्वतःच्या भावालासुद्धा अपघात सांगितला होता. जो कुणी खोदून विचारी त्याच्या अंगावर धावून गेली होती. आणि पोर रात्रीअपरात्री बाबा म्हणून रडायला लागली, की तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला होता. खाताना ती रडायची थांबे. हळूहळू ती रडायच्या आधीच पुडा यायला लागला.

"वय काय होतं त्यांचं?" डॉक्टरबाईने विचारलं.

"एक्केचाळीस," तोफ म्हणाली. मग तिचा आवाज पुन्हा चढला. "लिहा. बायकोने घालवला लिहा. पोरीलाही तिनेच खायला घालून आजारी पाडली, तेही लिहा."

"दोष कुणाचा, ते लिहायला या फॉर्मवर जागा नाही," डॉक्टरबाई म्हणाली. ती चिडली होती आणि तिने ते लपवलं नाही. "तुम्ही महिनाभर आधी इथे नाव नोंदवताना हे खरं सांगितलं असतंत, तर मी हिला तेव्हाच बोलावलं असतं. या वयात भिंती बऱ्याच सावरू शकतात. रोज चालणं, बाटलीतलं गोड पाणी बंद, पुडे बंद, झोप वेळेवर, दर महिन्याला रक्तदाब. वर्षाने हीच तपासणी पुन्हा. पण तिच्याशी भांडून यातलं काहीही होणार नाही. माझ्याशी भांडूनही नाही."

तोफेने रिपोर्ट उचलला आणि लेकीला घेऊन बाहेर पडली. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला शेवटचं वाक्य बोलू दिलं नव्हतं.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर लेक कठड्याला धरून थांबली आणि पायरीवरच बसली. वरून उतरणारा शेजारी, एक निवृत्त कारकून, अडला. "जरा सरकून बसा की," तो म्हणाला. "अख्खा जिना अडवलाय पोरीने."

तोफेच्या ओठावर उत्तर तयार होतं, असं की तो आठवडाभर या जिन्याने उतरला नसता. लेकीने डोळे मिटून घेतले. ते तोफेने पाहिलं. तिने लेकीचे पाय जरा बाजूला घेतले, कारकून उतरून गेला, आणि ती लेकीजवळ टेकली.

लेकीचा श्वास हळूहळू खाली बसला.

"तूच बाबांना मारलंस, असं नाही वाटत मला," लेक म्हणाली.

"मग काय वाटतं?"

"त्यांनी सांगितलं तेव्हा तू ऐकायला हवं होतंस."

तोफेने होकारार्थी मान हलवली. रिपोर्टची गुंडाळी मांडीवर ठेवून तिने विचारलं, "आता तुला काय होतंय? नीट सांग."

लेकीने तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग सांगायला लागली. चढताना पिंढऱ्या भरून येतात. खेळाच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून सांगून ती बाकावर बसते. मुली तिला काय म्हणतात ते. सकाळी डोकं जड असतं, गेल्या वर्षापासून. 'गेल्या वर्षापासून' हे ऐकून तोफेने एकदा तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"अजून?" ती म्हणाली.